इंग्लंडातला तुमचा पहिला क्लासिक गाड्यांचा शो: तिकिटापासून परतीच्या रस्त्यापर्यंत

पुण्याहून गेडनला किंवा कॉव्हेंट्रीच्या व्हिटलीला, म्हणजे जॅग्वार लँड रोव्हरच्या ऑफिसात, नोकरीसाठी आलेल्या मंडळींचा एक ठरलेला रविवार असतो. ऑफिसात कुणीतरी सांगतं, "म्युझियममध्ये जुन्या गाड्यांचा शो आहे, जाऊन ये." मग आपण अकराला पोचतो, ओळीने लावलेल्या गाड्यांचे फोटो काढतो, महागडा बर्गर खातो आणि दीडच्या सुमारास "बघून झालं" म्हणत घरी. खरं तर काहीच बघून झालेलं नसतं. गाड्या तर संग्रहालयातही दिसतात. शोमध्ये गाडीच्या मागे घडीच्या खुर्चीवर चहाचा थर्मास घेऊन तिचा मालक बसलेला असतो आणि खरी मजा त्याच्याशी बोलण्यात आहे. एकट्याने, अनोळखी म्हणून गेलात तर तो "मॉर्निंग" म्हणून थांबेल. क्लबच्या चार जणांबरोबर गेलात तर स्वतः बॉनेट उघडून दाखवेल. म्हणून हा लेख प्रेक्षक म्हणून चक्कर मारण्याबद्दल नाही. मंडळींबरोबर, दिवसभर, नीट शो कसा करायचा त्याबद्दल आहे.

१. पहिला शो छोटा निवडा

नवीन माणूस थेट गुडवुड रिव्हायव्हलचं नाव काढतो. सप्टेंबरात चिचेस्टरजवळच्या ज्या ट्रॅकवर हा मेळा भरतो, तिथे १९४८ ते १९६६ या काळात शर्यती होत. १९९८ पासून तोच काळ दर वर्षी पुन्हा उभा केला जातो आणि बघायला आलेली माणसंसुद्धा त्या काळचे कपडे घालून येतात. देखणा प्रकार आहे, पण महाग आहे, गर्दी प्रचंड आणि तिकिटं आधीच काढावी लागतात. (कपड्यांची मात्र आपल्याला चिंता नाही. आजीची सुती साडी आणि अंबाडा घेऊन गेलेल्या बाईला तिथे कुणी "काळाशी विसंगत" म्हणू शकत नाही.) तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा.

सुरुवात गावच्या शोने करा. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ प्रत्येक रविवारी कुठल्या तरी गावाच्या मैदानात, चर्चच्या छपरासाठी नाहीतर एअर अॅम्ब्युलन्ससाठी पैसे गोळा करायला गाड्या जमतात. साठ-सत्तर गाड्या, केक-चहाचा एक तंबू, कधी बँड. इथे मालकांना वेळ असतो आणि मिडलँड्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या या मधल्या भागाच्या, इंग्रजीचा तुम्हाला सरावसुद्धा होतो.

त्यानंतर गेडन. तिथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या आवारात उन्हाळ्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे शो होतात. पाऊस आला तर आत शिरता येतं हा मोठा फायदा. आत ऑक्सफर्डच्या कौली कारखान्यातून १९५९ साली निघालेली पहिली मॉरिस मिनी-मायनर उभी आहे, तिचा नंबर ६२१ एओके. तिकिटात म्युझियम धरलंय की नाही ते काढतानाच बघून घ्या.

नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात छपराखालचा मोठा क्लासिक मोटर शो असतो. गाडी नसलेल्यांसाठी हा सगळ्यात सोयीचा, कारण बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनातून झाकलेल्या पुलावरून सरळ आत जाता येतं. त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी लंडन ते ब्रायटन दौड असते. १९०५ च्या आधी बांधलेल्या गाड्याच तिच्यात भाग घेतात. हाइड पार्कातून सूर्योदयाला सुटतात. १८९६ साली कायदा बदलून मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांवर नेली, त्याची ही आठवण. रस्त्याच्या कडेला उभं राहायला पैसे पडत नाहीत, फक्त थंडी सोसावी लागते.

२. शोच्या आधी क्लब गाठा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि त्यामुळेच दीड वाजता कंटाळतात.

इंग्लंडात प्रत्येक गाडीचा क्लब आहे, काहींचे दोन-दोन. एमजीचंच घ्या: एमजी कार क्लब १९३० पासून आहे आणि एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून. मॉरिस मायनरवाल्यांचा वेगळा, ट्रायम्फ हेरल्ड-स्पिटफायरवाल्यांचा वेगळा. बहुतेक क्लबांमध्ये सदस्य व्हायला गाडी असावीच लागते असं नाही. "मला गाडी आवडते, पुढेमागे घेईन" एवढं पुरतं. वर्षाची वर्गणी एका साध्या जेवणाच्या बिलाएवढी असते.

क्लबच्या भागवार शाखा महिन्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी कुठल्या तरी पबमध्ये जमतात. दारू घेत नसाल तर लेमोनेड घ्या, कुणी विचारत नाही. पहिल्या भेटीत ऐकायचं काम जास्त करा. निवृत्त फिटर, शाळामास्तर, कधी जॅग्वारच्या जुन्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, असे लोक भेटतात. त्यांच्यात पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. सत्तरीच्या माणसाला नुसतं "जॉन" म्हणताना आपली जीभ अडते, पण "सर" म्हटलंत तर तोच अवघडतो.

क्लबचा खरा उपयोग असा: शोमध्ये क्लबला जागा मिळते, तिला ते क्लब स्टँड म्हणतात. तिथे तंबू असतो, पिशव्या ठेवता येतात, चहा मिळतो. आणि तुम्ही कुणाच्या तरी गाडीत बसून आत जाता.

३. पास कोणता, ते आधी विचारा

साधं प्रेक्षक तिकीट आणि गाडी मांडणाऱ्यांचा पास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांडणीचा पास गाडीच्या नावावर निघतो आणि काचेच्या आत लावायचा असतो. त्यात चालकाबरोबर आणखी एकाला प्रवेश असतो की नाही, हे प्रत्येक शोचं वेगळं. क्लबकडे हे पास महिना-दीड महिना आधी बंद होतात.

इथला सापळा वेळेचा आहे. मांडलेल्या गाड्या सकाळी ठरलेल्या वेळेच्या आत मैदानात याव्या लागतात आणि दुपारी तीन-चारच्या आधी हलवता येत नाहीत, कारण मधल्या वेळेत मैदानभर पोरंबाळं फिरत असतात. मित्राच्या गाडीत लहान मुलाला घेऊन गेलात आणि ते बाराला रडायला लागलं, तर मित्र तुम्हाला सोडायला येऊ शकणार नाही.

दुसरा सापळाही मुलांचाच, आणि तो कायद्याचा. मुळातच सीटबेल्ट नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला बसवता येत नाही. तीन वर्षांवरचं मूल फक्त मागच्या सीटवर बसू शकतं. दोन सीटच्या उघड्या गाडीला मागची सीटच नसते. घरच्यांना वेगळ्या गाडीने येऊ द्या.

४. पिशवीत काय

तिकीट किंवा पास छापून घ्या, मैदानात फोनची रेंज अनेकदा जाते. बाकी यादी अशी:

- थोडी रोख रक्कम, सुट्या नोटा. चहाच्या तंबूत आणि जुन्या भागांच्या टपऱ्यांवर लागते.
- घडीची खुर्ची. नसेल तर दिवसभर उभे राहाल.
- गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट गाडीत, पायात साधे. सकाळचं ऊन दुपारी टिकेलच असं नाही.
- पावसाचं जाकीट आणि सनक्रीम, दोन्ही. एकाच दिवशी दोन्ही लागतात.
- डबा. दशम्या, चटणी, कोरडी भाजी उत्तम. रस्सा नको. तेलकट बोटांनी कुणाच्या गाडीजवळ जायचं नसतं.
- मऊ कापड आणि जुनं वर्तमानपत्र, मित्राच्या गाडीला मदत म्हणून.

गाडी मांडणाऱ्याकडे याशिवाय अग्निशामक, ओढायचा दोर आणि इंजिनाखाली ठेवायला ट्रे किंवा पुठ्ठा हवा. जुनी ब्रिटिश गाडी तेल गळतेच. गळत नसेल तर आधी डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून बघा, असा तिथला जुना विनोद आहे, आणि तो बराचसा खरा आहे.

५. ताफ्याबरोबर निघताना

क्लबच्या गाड्या सकाळी एखाद्या पबच्या नाहीतर कॅफेच्या आवारात जमून एकत्र निघतात. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा, कारण इंजिनं थंड असतात आणि त्यांना सुरू होताना बघण्यासारखं असतं. एमजीबीचा, म्हणजे एमजीच्या साठच्या दशकातल्या स्पोर्ट्स गाडीचा, मालक चोकची घुंडी ओढतो, किल्ली फिरवतो, मागे पेट्रोल पंपाची टक-टक ऐकू येते, ती मंदावली की मगच स्टार्टर मारतो. इंजिन धरतं, काळपट धूर येतो, मग चोक हळूहळू आत. आपल्याकडे ज्यांनी थंडीत घरच्या फियाटला असंच गोंजारलंय त्यांना हे सांगायला नको.

एखादी गाडी बंद पडून बॅटरी जोडायची वेळ आली तर उत्साहाने तारा घेऊन धावू नका. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला आणि त्या काळच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांना धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे आपल्या सवयीच्या उलट. त्यातून जुन्या एमजीबीमध्ये सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे दडवलेल्या असतात. मालकाला करू द्या, तुम्ही टॉर्च धरा.

ताफ्यात तुमची आधुनिक गाडी असेल तर शेवटी राहा आणि अंतर ठेवा. पुढच्या गाडीचे ब्रेक ड्रमचे असतील, मागचे दिवे बटणाएवढे. मैदानाच्या दारात रांग लागली की जुन्या गाड्यांचं पाणी तापायला लागतं. भर जुलैत आतला हीटर पूर्ण चालू करून, खिडक्या उघड्या टाकून बसलेला घामाघूम माणूस दिसला तर त्याचं डोकं फिरलेलं नाही. इंजिनाची उष्णता तो स्वतःच्या पायांवर घेतोय.

६. गाडीजवळ कसं वागायचं

हात लावायचा नाही. बाकी सगळे नियम याच्यातूनच निघतात. पाठीवरची सॅक पोटावर घ्या, कारण वळताना तिची बक्कल दारावर घासते. पट्ट्याची पितळी बक्कलही तेवढीच वाईट. वाकून आत बघायचं असेल तर हात पाठीमागे बांधा. तिकडचे जुनेजाणते असंच करतात आणि मालकाच्या ते लगेच लक्षात येतं. उघडं बॉनेट आपण बंद करायचं नाही, मिटलेलं उघडायचं नाही. मुलाला "बस, फोटो काढते" म्हणण्याआधी विचारा. विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. न विचारता बसवलंत तर त्या ओळीतली सगळी माणसं तुमच्याकडे बघतील आणि कुणी काही बोलणार नाही, हे जास्त वाईट.

फोटो हवे तेवढे काढा.

७. मालकाशी बोलायला काय विषय काढायचा

"किंमत किती?" हा पहिला प्रश्न नको. आपल्याकडे तो कौतुकाचा असतो, तिथे तो घरात शिरून पगार विचारल्यासारखा वाटतो. "किती वर्षं तुमच्याकडे आहे?" असं विचारा आणि शांत राहा. पुढची वीस मिनिटं तो बोलतो.

आणि आपल्याकडे एक हुकमाचा पत्ता आहे. तो वापरा. शोमध्ये मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री दिसली तर थांबा. ती आपली अॅम्बेसेडर. कौलीत तिचं उत्पादन कधीच थांबलं, पण बंगालमधल्या उत्तरपाड्यात तिचाच वंश २०१४ पर्यंत चालू होता. मुंबई-पुण्याला तुमच्या लहानपणी ही गाडी सरकारी दारात उभी असायची, हे सांगून बघा. मालक बायकोला हाक मारून बोलावतो.

हेरल्डचंही तसंच. ट्रायम्फ हेरल्ड कॉव्हेंट्रीच्या कॅनलीत १९५९ पासून बनली, आणि मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड म्हणून. चार दारांची हेरल्ड मात्र फक्त भारतात निघाली, इंग्लंडात कधीच नाही. हेरल्डवाल्यांपैकी अनेकांना हे ठाऊक असतं आणि ज्याला ठाऊक नसतं तो फोटो मागतो. घरच्या अल्बममध्ये काकांच्या हेरल्डचा फोटो असेल तर तो फोनमध्ये भरून न्या. एवढ्या भांडवलावर अख्खी दुपार निघते.

मॉरिस मायनरजवळ गेलात तर दाराच्या मागच्या खांबाकडे बघा. १९६१ च्या आधीच्या गाडीला तिथे एक उभी फट असते. मालकाला वळणाचा दिवा दाखवायला सांगा. आत 'टक' असा आवाज होतो आणि फटीतून एक छोटा नारिंगी हात आडवा बाहेर येतो, आतला बल्ब मिणमिणतो. परत मिटताना तो कधीकधी अर्ध्यावर अडकतो. मग मालक खिडकीतून हात काढून खांबावर एक थाप मारतो, आणि तो आत जातो. ही मायनर दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी, १९६० च्या डिसेंबरात. तो मान मिनीचा नव्हे. ही चूक करू नका, मायनरवाले दुखावतात.

परीक्षकांच्या वेळी मात्र बाजूला व्हा. हातात पाटी घेतलेले दोघे गाडीभोवती फिरत असतील तर मालकाचं लक्ष तुमच्याकडे नसतं. स्पर्धा साधारण दोन तऱ्हेच्या असतात. एकीत गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का, अगदी नळीच्या क्लिपपर्यंत तपासतात. दुसरीत मालकाची निगा आणि आवड बघतात. मला दुसरी जास्त पटते. पहिलीतल्या काही गाड्या ट्रेलरवरून येतात आणि ट्रेलरवरूनच जातात, त्यांना रस्ता माहीतच नसतो.

८. जुन्या भागांच्या टपऱ्या

मैदानाच्या एका बाजूला ऑटोजम्बल असतं, म्हणजे जुन्या सुट्या भागांचा बाजार. यातला सगळ्यात मोठा हॅम्पशरमधल्या ब्यूलीत सप्टेंबरात भरतो, १९६७ पासून. गंजलेले डायनॅमो, हेडलाइटच्या कड्या, एसयू कार्बोरेटर, पिवळी पडलेली मॅन्युअलं, सगळं जमिनीवर ताडपत्रीवर मांडलेलं. जुन्या बाजारात वाढलेल्या माणसाला इथे घरी आल्यासारखं वाटतं.

भाव करता येतो, पण आपल्या पद्धतीने निम्म्यावरून सुरू करू नका. "याचं शेवटचं काय?" एवढंच विचारा, दहा-पंधरा टक्के कमी होतात. दुपारी तीननंतर जास्त, कारण त्यालाही ते सामान परत गाडीत भरायचं नसतं.

भाग कुठल्या गाडीला बसतो हे विक्रेत्याच्या शब्दावर घेऊ नका. घरून जुना भाग आणा, किंवा त्याचा नंबर आणि मोजमाप लिहून आणा. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर फोनमध्ये असू द्या, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्याच कुठल्या तरी वर्षी भाग बदललेले असतात.

पान्यांचा घोळ वेगळाच. पन्नासच्या दशकाआधीच्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थ मापाचे बोल्ट असतात. त्या पान्यावर लिहिलेला आकडा तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड तेरा मिलिमीटरपेक्षा थोडं मोठं निघतं. आकडा बघून घेतलात तर घरी गेल्यावर डोक्याला हात लावाल. दोन-तीन पौंडांना जुना पाना मिळतो, हातात धरून बोल्टवर बसवून बघा आणि मग घ्या.

रबरी भाग जुने घेऊ नका, डब्यातले न वापरलेले असले तरी. रबर पडून पडूनही कडक होतं.

९. परतताना

तीन-चारला दार उघडलं की सगळे एकदम निघतात. घाई नको. मैदानात चालण्याच्या वेगानेच गाडी चालवतात आणि स्वयंसेवकाचा हात दिसला की थांबतात. पाऊस झाला असेल तर चढावरच्या चिखलात गाड्या रुततात, ट्रॅक्टर ओढून काढतो. अशा वेळी ढकलायला आपणहून जा. क्लबात पुढच्या वेळी तुमचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं.

१०. पुढच्या मोसमात स्वतःची गाडी घेऊन जायचं असेल तर

हे होणारच, म्हणून थोडक्यात कागदांचं सांगून ठेवतो.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. क्लासिकचा विमा घेताना बहुतेक कंपन्या ब्रिटिश लायसन्स मागतात, तेव्हा ते आधी.

गाडी ४० वर्षांची झाली की रोड टॅक्स लागत नाही, पण तो आपोआप माफ होत नाही. गाडीचं नोंदणीपत्र, ज्याला इथे लॉगबुक म्हणतात, ते घेऊन पोस्टात जाऊन टॅक्सचा वर्ग 'हिस्टॉरिक' असा बदलून घ्यावा लागतो आणि नंतरही दर वर्षी शून्य रकमेचा टॅक्स 'भरावा' लागतो. वर्ग बदललेला असला की लंडनच्या प्रदूषण पट्ट्याचा आणि बर्मिंगहॅमच्याही पट्ट्याचा भुर्दंड पडत नाही. गेल्या ३० वर्षांत मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीतूनही सूट मिळते. ती सूट घेऊ नका असा माझा सल्ला. थोड्या पैशात दुसऱ्या माणसाने गाडीखाली वाकून पत्रा आणि ब्रेकच्या नळ्या बघणं परवडतं.

पेट्रोल भरताना हँडलवरचा आकडा बघा. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई१० आहे, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे गास्केट त्याने फुगतात, चिरतात. महागातलं ई५ घ्या.

विमा 'ठरवलेल्या किमतीचा' घ्या, म्हणजे गाडी गेली तर किती मिळणार हे आधीच लिहिलेलं असतं. त्यात चालक नावानिशी लिहिलेले असतात. शोच्या मैदानात एखादा मित्र म्हणेल, "दे की, एक चक्कर मारून आणतो." पॉलिसीवर त्याचं नाव नसेल तर किल्ली देऊ नका, मग तो पुण्याचा शाळासोबती का असेना. एका दिवसाचा तात्पुरता विमा मिळतो, तो त्याच्या नावाने आदल्या रात्री काढायला लावा.